दोनपासून तीनपर्यंत अकरा वर्षं

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.० ही आवृत्ती बाहेर पडली. भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच आधीपासून सांगून ठेवलं होतं की, या वेळी जुना कोड नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालणार नाही. बदल लपूनछपून आले नव्हते. ‘प्रिंट’ ही आज्ञा आता फंक्शन झाली होती, म्हणजे तिच्यापुढे कंस घालणं भाग होतं. एकाला दोनने भागलं तर पूर्वी शून्य उत्तर यायचं, आता अर्धा यायचा. पहिला बदल नजरेत भरणारा होता आणि सहज दुरुस्त होणारा होता. दुसरा अधिक घातक, कारण तो प्रोग्रॅम थांबवत नाही, निमूटपणे उत्तर बदलतो. पण ज्या बदलासाठी हा सगळा खटाटोप होता, तो मजकुराचा होता, आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा त्याच्याशी थेट संबंध होता.

जुन्या पायथनमध्ये ‘मराठी’ हा शब्द साध्या अवतरणचिन्हांत लिहून त्याची लांबी विचारली, तर यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या फाइलमध्ये उत्तर यायचं १५. त्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि जुना पायथन बाइटच मोजत बसायचा. नव्या पायथनमध्ये उत्तर येतं ५: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. (वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरं तीनच, तो हिशेब नव्या पायथनलाही आपणहून जमत नाही.) जुन्या पद्धतीत या शब्दातले ‘पहिले चार’ मागितले, तर हाती यायचा एक अख्खा ‘म’ आणि ‘र’चा एक तृतीयांश तुकडा, जो कुठल्याच भाषेतलं अक्षर नव्हे. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. जुन्या पायथनमध्ये मजकुराचे दोन प्रकार होते, बाइटांची माळ आणि यूनिकोड. दोन्ही एकमेकांना जोडले की भाषा परस्पर गृहीत धरायची की बाइट म्हणजे इंग्रजी अक्षरंच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने इंग्रजी नावं घालून तपासणी केली तर सगळं सुरळीत चालायचं. मग कुणीतरी नावाच्या रकान्यात देवनागरी अक्षरं टाइप करायचं आणि त्या ठिकाणी प्रोग्रॅम कोसळायचा. इंग्रजी सोडून इतर लिप्या वापरणाऱ्यांवर या भाषेचा मूळ आराखडाच अन्याय करत होता. तो ढाचा हलवल्याशिवाय हे सुधारणार नव्हतं, म्हणून जुना कोड मोडला. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. फसली ती पलीकडे जाण्याची वाट.

वाट अशी कल्पिली होती: प्रत्येकाने आपला कोड आधी २.६वर आणायचा, मग ‘टू-टू-थ्री’ नावाचं अवजार त्यावर चालवायचं, ते जुनी रचना ओळखून नवी लिहून देईल, उरलेलं हाताने नीट करायचं, आणि पुढे निघायचं. एकटादुकटा प्रोग्रॅम असता तर हे जमलं असतं. पण आजचं सॉफ्टवेअर एकटं नसतं. एखादं साधं संकेतस्थळ उभं करायचं तर लिहिणारा चारदोन लायब्रऱ्या घेतो, त्या प्रत्येक लायब्ररीने आणखी काही घेतलेल्या असतात, आणि त्या साखळीतली शेवटची कडी कुठल्या देशातल्या कुणी हौसेने लिहिली आहे हे वरच्याला ठाऊकही नसतं. यालाच डिपेन्डन्सी म्हणायचं. पायथन ३वर जायचं तर तुमची प्रत्येक लायब्ररी आधी तिथे पोचलेली हवी. लायब्ररी लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचे सगळे वापरकर्ते अजून दोनवरच होते. त्यांना सोडून पुढे जाण्यात त्याचा काय फायदा? ‘टू-टू-थ्री’ने एकदा कोड बदलला की तो जुन्या आवृत्तीवर चालत नव्हता, त्यामुळे दोन्हीकडच्यांना सांभाळायचं तर दोन प्रती ठेवून प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागायची. वापरणारे लायब्रऱ्यांकडे पाहत थांबले, लायब्रऱ्या वापरणाऱ्यांकडे पाहत थांबल्या. यात आळस कुणाचाच नव्हता. जो तो आपल्या जागी शहाणपणानेच वागत होता आणि सगळे मिळून अडकले होते.

कोंडी फुटली ती नियम सैल केल्यावर. जुन्या पायथनमध्ये यूनिकोड मजकुरापुढे ‘यू’ हे अक्षर लावावं लागे. नव्या पायथनमध्ये सगळाच मजकूर यूनिकोड, म्हणून ते अक्षर अनावश्यक ठरवून ३.०मधून काढून टाकलं होतं. तर्काला धरून होतं, पण त्यामुळे हजारो फाइलींमधल्या लाखो ओळी नव्या आवृत्तीला व्याकरणदृष्ट्या चूक वाटू लागल्या. सप्टेंबर २०१२मध्ये ३.३ ही आवृत्ती आली तेव्हा ते ‘यू’ परत घेण्यात आलं. त्याला आता काही अर्थ नव्हता, फक्त ते चालवून घेतलं जात होतं. तोपर्यंत ‘सिक्स’ नावाची छोटी लायब्ररीही रुळली होती. दोन गुणिले तीन सहा, म्हणून ते नाव. तिच्यामुळे एकच फाइल दोन्ही आवृत्त्यांवर चालवता येऊ लागली. मग चित्र पालटलं. संकेतस्थळं बांधण्यासाठीच्या जँगो या चौकटीने फेब्रुवारी २०१३मध्ये १.५ या आवृत्तीपासून प्रायोगिक स्वरूपात दोन्हीकडे चालायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७मध्ये २.० काढताना जुन्या पायथनचा निरोप घेतला. मधली जवळजवळ पाच वर्षं एकाच कोडाने दोन्ही बाजूंना सेवा दिली. इन्स्टाग्रामने २०१७मध्ये आपलं स्थित्यंतर जाहीर केलं, तेव्हा त्यातला मुख्य भाग हाच होता की, वेगळी शाखा काढून कोड तिकडे नेण्याऐवजी रोजच्या कामाच्या शाखेतच थोडा थोडा बदल करत, नवी वैशिष्ट्यं देणं न थांबवता, ते पलीकडे गेले. पायथन २ची मुदत मुळात २०१५पर्यंत होती. २०१४मध्ये ती वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली. दोनपासून तीनपर्यंत पोचायला अकरा वर्षं लागली आणि त्यातली पहिली चार जवळजवळ वाया गेली.

या अकरा वर्षांतून मी काढतो तो निष्कर्ष असा: जुनं मोडणारा बदल किती मोठा आहे यावर नुकसान फारसं ठरत नाही. एका दमात किती अंतर कापावं लागतं, यावर ते ठरतं. मजकुराचा नवा अर्थ २००८मध्ये जितका वेगळा होता तितकाच २०१५मध्येही होता. त्याच्याकडे जाताना मध्ये थांबायला जागा झाली, एवढाच फरक पडला. बदल करणाऱ्याचं आणि तो सोसणाऱ्याचं काम मग एकाच सूत्रात येतं. पहिल्याने एकाच उडीत ओलांडावं लागेल असं अंतर निर्माण करू नये, आणि दुसऱ्याने ते आपल्या बाजूने साचू देऊ नये.

यावर पहिला आक्षेप पुष्कळ अनुभवी लोक घेतात: मुळात मोडायचंच कशाला? लिनक्सच्या गाभ्याचं (कर्नलचं) उदाहरण देतात. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांचा नियम जगजाहीर आहे की, गाभ्यात काही बदलल्यामुळे वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम बंद पडला तर ती चूक गाभ्याची, प्रोग्रॅमची नव्हे. हा नियम कडक पाळला जातो आणि वीस-वीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम त्यामुळे आजही चालतात. आक्षेपात वजन आहे. पण लिनक्सची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्याच गाभ्याच्या आत, ड्रायव्हर आणि इतर भाग एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलतात, तिथे स्थैर्याचं वचन मुद्दाम दिलेलं नाही. तिथे नेहमी मोडतोड चालू असते. ती सुसह्य होते कारण ज्याने आतलं एखादं फंक्शन बदललं, त्यानेच ते वापरणारे गाभ्यातले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे असा तिथला रिवाज आहे. स्थैर्य आणि बदल यांची विभागणी कुठे करायची, आणि बदलाची मेहनत कुणाच्या खांद्यावर टाकायची, हे तिथे आधी ठरलं आहे. पायथनला ही सोय नव्हती. जगभरच्या लायब्रऱ्या त्यांच्या हाती नव्हत्या, आणि जे बदलायचं होतं ते लोकांच्या नजरेला पडणाऱ्या बाजूलाच होतं.

शिवाय ‘काहीच मोडायचं नाही’ हे वचन पूर्णपणे पाळणं कुणालाच शक्य नसतं. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राइट यांच्या नावाने एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: वापरणारे पुरेसे वाढले की कागदोपत्री काय कबूल केलं आहे याला महत्त्व उरत नाही, सुविधेच्या वागण्यात जे जे दिसतं त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी विसंबून राहतो. २०१०च्या सुमाराची एक घटना याचं नेमकं उदाहरण आहे. लिनक्सवर सी भाषेची जी पायाभूत लायब्ररी असते, जीलिबसी, तिच्यात ‘मेमकॉपी’ नावाचं फंक्शन आहे. स्मृतीतला एक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवणं एवढंच त्याचं काम. मूळ आणि ठेवण्याची जागा एकमेकांत शिरत असतील तर हे फंक्शन वापरू नये, असं त्याच्या नियमात पहिल्यापासून लिहिलेलं आहे. त्यासाठी दुसरं फंक्शन आहे. तरीही ॲडोबीच्या फ्लॅशने ते तसं वापरलं होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं, कारण नक्कल पुढून मागे या क्रमाने व्हायची. काही प्रोसेसरांवर वेग वाढावा म्हणून नव्या आवृत्तीने नक्कल मागून पुढे करायला सुरुवात केली आणि फेडोरा १४ हे लिनक्स वापरणाऱ्यांच्या कानावर फ्लॅशचा आवाज खरखरत येऊ लागला. नियमानुसार दोष फ्लॅशचा. वापरणाऱ्याच्या दृष्टीने कालपर्यंत नीट वाजणारं गाणं आज बिघडलं होतं. शेवटी तोडगा निघाला तो मला फार आवडतो: जीलिबसीच्या २.१४ या आवृत्तीपासून मेमकॉपीची दोन रूपं ठेवली गेली. आधी बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅमला जुनं रूप मिळेल, नव्याने बांधलेल्याला नवं. कुणालाही उडी मारावी लागली नाही.

आवृत्तीच्या आकड्यांचं शास्त्र इथेच अपुरं पडतं. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली सेमॅंटिक व्हर्जनिंगची पद्धत आज सर्वत्र दिसते. तीन आकडे, शेवटचा वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर जुनं मोडलं. पद्धत उपयोगी आहे आणि ती पाळणाऱ्या लायब्रऱ्यांचे आभारच मानायला हवेत. पण तो आकडा म्हणजे लिहिणाऱ्याचा अंदाज असतो, कुणाचं काय मोडेल याची हमी नव्हे. मेमकॉपीतला बदल कुठल्याही पद्धतीने मोजला तरी ‘दुरुस्ती’तच बसला असता. म्हणून आकडा पाहून निश्चिंत होण्यापेक्षा आपल्या प्रोग्रॅमची स्वतःची टेस्ट असणं महत्त्वाचं, जी अपडेट केल्यावर काही मिनिटांत सांगेल की आपलं काही बिघडलं का. गो या भाषेच्या कर्त्यांनी तर हायरम राइट यांच्या निरीक्षणावर आधीच उपाय करून ठेवला आहे. ‘मॅप’मधल्या नोंदी कुठल्या क्रमाने मिळतील हे भाषेने कबूल केलेलं नाही, म्हणून त्यांनी तो क्रम दर वेळी मुद्दाम बदलता ठेवला. जे कबूल नाही त्यावर कुणी विसंबला, तर ते पहिल्या दिवशीच उघडं पडावं.

आता वापरणाऱ्यांच्या बाजूकडे येऊ. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा प्रश्न प्रत्येक कार्यालयात विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. प्रत्येक अपडेटमध्ये धोका असतो, तपासणीला वेळ लागतो, आणि ग्राहकाला त्यातून नवं काहीच दिसत नाही. सेवा-करारावर चालणाऱ्या कामात तर हे आणखी अवघड होतं. नव्या सोयीचं बिल लावता येतं, जुनी लायब्ररी बदलण्याचं कुणाला लावायचं? पण ‘चालतंय’ या शब्दात एक गोष्ट धरलेली नसते. लायब्ररी तीच राहते, तिच्याबद्दल जगाला असलेली माहिती वाढत जाते. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमापन कंपनीचं २०१७मध्ये काय झालं, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

अपाचे स्ट्रट्स या जावातल्या चौकटीत मार्च २०१७मध्ये एक गंभीर भोक सापडलं. ७ मार्चला ते जाहीर झालं त्याच दिवशी दुरुस्तीही उपलब्ध होती, आणि ती एकाच आवृत्तीत नव्हती. २.३च्या मालिकेवर असणाऱ्यांना २.३.३२ आणि २.५वर असणाऱ्यांना २.५.१०.१, म्हणजे जो जिथे उभा होता तिथून एकच लहान पाऊल. दुसऱ्या दिवशी अमेरिकी सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने इशारा दिला. ९ मार्चला इक्विफॅक्समध्ये अंतर्गत ईमेल गेला की, स्ट्रट्स वापरत असाल तर ४८ तासांत दुरुस्ती करा. पण ज्या यादीवर तो पाठवला ती यादी जुनी झाली होती आणि ज्यांनी दुरुस्ती करायची त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. पुढच्या आठवड्यात स्कॅन झालं, त्यात भोक असलेली प्रणाली सापडली नाही. ती प्रणाली ग्राहकांच्या तक्रारींसाठी होती आणि तिचा मूळ आराखडा १९७०च्या दशकातला होता. मे महिन्याच्या मध्यापासून चोर आत होते. नेटवर्कवरून जाणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाचं प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं असल्यामुळे ते आंधळं झालं होतं. २९ जुलैला प्रमाणपत्र नवं केलं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. २०१९मध्ये झालेल्या तडजोडीत कंपनीने किमान ५७ कोटी ५० लाख डॉलर देण्याचं कबूल केलं, आणि ही रक्कम ७० कोटींपर्यंत जाऊ शकत होती.

या घटनेत लोक सहसा ‘पॅच लावला नाही’ एवढंच पाहतात. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आदेश निघाला होता, दोन दिवसांची मुदतही होती. कंपनीला हे माहीत नव्हतं की आपल्या घरात स्ट्रट्स नेमकं कुठे कुठे आहे. जी संस्था आपल्या डिपेन्डन्सी दर महिना-दोन महिन्यांनी हलवते, तिच्याकडे ही यादी आपोआप ताजी राहते, कारण हात लावला की माहिती होते. जी पाच वर्षांत कधी हलवत नाही, तिला संकटाच्या दिवशी आधी शोध घ्यावा लागतो. कोकणात पावसाळ्याआधी कौलारू घराची शाकारणी करतात, तेव्हा फुटकी कौलं बदलली जातातच, पण छपरावर चढणाऱ्याला वासा कुठे कुजलाय हेही कळतं. नियमित अपडेटचा मोठा फायदा असाच दुय्यम वाटणारा आहे: नवी आवृत्ती मिळते ती मिळतेच, शिवाय आवृत्ती बदलण्याची सवय आणि आपल्या घराची माहिती हाताशी राहते.

याला एक प्रतिवाद आहे आणि तो पुराव्यासह येतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉग-फोर-जे या जावा लायब्ररीत जे भयंकर भोक सापडलं, ते तिच्या दुसऱ्या पिढीत होतं. ऑगस्ट २०१५मध्येच जिचा सपोर्ट संपला होता त्या पहिल्या पिढीवर राहिलेले लोक त्या विशिष्ट हल्ल्यातून वाचले. ओपनएसएसएलमधलं २०१४चं हार्टब्लीड १.०.१ या मालिकेत होतं, त्याआधीच्या ०.९.८वर अडकून पडलेले सर्व्हर सुरक्षित होते. आणि मार्च २०२४मध्ये एक्सझेड या माहिती दाबून साठवण्याच्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं, ते ५.६.० आणि ५.६.१ या तेव्हाच्या अगदी ताज्या आवृत्त्यांमध्ये. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन होताना अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ खटकला, म्हणून ते लक्षात आलं. ज्यांनी स्थिर, जुन्या आवृत्त्या धरल्या होत्या त्यांना झळ बसली नाही. मग जुनं तेच बरं, असं का म्हणू नये?

या तिन्ही घटना खऱ्या आहेत आणि त्यांच्यातून एक गोष्ट नक्की शिकावी: प्रकाशित झाल्याच्या तासाभरात नवी आवृत्ती उचलायची घाई करू नये. काही दिवस, काही आठवडे थांबणं शहाणपणाचं आहे. लॉकफाइलमध्ये नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवणं तर आवश्यकच. पण काही आठवडे मागे असणं आणि काही वर्षं मागे असणं यांची तुलना होत नाही. लॉग-फोर-जेच्या पहिल्या पिढीवर राहिलेले त्या एका हल्ल्यातून सुटले, तरी त्या पिढीत पुढे जे दोष सापडले त्यांना दुरुस्ती मिळणार नव्हती, कारण ती करणारा कुणी उरला नव्हता. आणि दुसऱ्या पिढीवर असणाऱ्यांचं काय झालं ते पाहा. पहिली दुरुस्ती २.१५.० म्हणून आली. ती अपुरी निघाली, म्हणून २.१६.०. त्यातही दोष निघाला, म्हणून २.१७.०, आणि महिना संपायच्या आत २.१७.१. एका डिसेंबरात चार वेळा तीच लायब्ररी बदलायची होती. ज्यांच्याकडे टेस्ट होत्या आणि बदल बाहेर पाठवण्याची रुळलेली पद्धत होती, त्यांना हे त्रासाचं झालं पण जमलं. ज्यांना एक अपडेट म्हणजे दोन महिन्यांचा प्रकल्प वाटत होता, त्यांनी ते चार कसे करायचे? सुरक्षितता कुठल्या आवृत्तीवर उभे आहात यापेक्षा तिथून किती लवकर हलू शकता, यावर अवलंबून आहे.

‘मग डिपेन्डन्सीच कमी ठेवा’ हा सल्लाही वारंवार दिला जातो. २२ मार्च २०१६ला एनपीएम या लायब्रऱ्यांच्या भांडारातून लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने काढून घेतली आणि जावास्क्रिप्टच्या जगातले असंख्य प्रकल्प काही तास उभेच राहिनात, तेव्हापासून तर जास्तच. अकरा ओळींसाठी परक्यावर विसंबू नये, हे मान्य. पण सुरक्षित संवादाचं गणित, तारखा-वेळांचे नियम, यूनिकोडची हाताळणी या गोष्टी ज्याने त्याने घरी लिहाव्यात हा सल्ला धोकादायक आहे. घरी लिहिलेला कोड जुना होत नाही असं नाही. तो जुना झाल्याचं कळवणारं मात्र कुणी नसतं.

कळवणं हा भागही वाटतो तितका सोपा नाही. पायथनमध्ये ‘कलेक्शन्स’ या विभागातली ‘मॅपिंग’सारखी काही नावं २०१२च्या ३.३ आवृत्तीत ‘कलेक्शन्स’च्या पोटातल्या ‘एबीसी’ या उपविभागात हलवली. जुन्या जागी फक्त सोय म्हणून तीच नावं ठेवली. दुरुस्ती काय? फाइलच्या वरच्या एका ओळीत एक टिंब आणि तीन अक्षरं वाढवायची. तरी प्रत्यक्ष काढून टाकायला २०२१चा ऑक्टोबर आणि ३.१० ही आवृत्ती उजाडली, आणि त्या दिवशीही कित्येक प्रोग्रॅम त्या एका ओळीवर अडखळले. नऊ वर्षांत लोकांनी ऐकलं का नाही? मोठं कारण असं की, ‘हे लवकरच जाणार आहे’ ही सूचना पायथन बराच काळ मूळ व्यवस्थेत दाखवतच नव्हता. २.७ आणि ३.२पासून ती गप्प ठेवली होती, कारण प्रोग्रॅम नुसता वापरणाऱ्या माणसाला ती वाचून काहीच करता येत नाही. हेतू चांगला होता, पण ज्याला करता येतं त्यालाही ती दिसेनाशी झाली. ३.७पासून थेट चालवलेल्या फाइलमधल्या अशा सूचना पुन्हा दिसू लागल्या. मेंटेनरने इशारा दिला एवढ्याने त्याचं कर्तव्य संपत नाही, तो योग्य माणसाच्या डोळ्यांपुढे यायला हवा. आणि वापरणाऱ्याने निदान टेस्ट चालवताना या सूचना चालू ठेवून त्यांना चूक मानलं, तर नऊ वर्षांचं अंतर एका दुपारच्या कामावर येतं.

कुणाला एका दमात उडी मारायला लावायची नाही, या समजुतीची सर्वांत सुबक अंमलबजावणी मला गो भाषेच्या १.२२ या आवृत्तीत दिसते. २०१२मध्ये १.० काढताना गोच्या कर्त्यांनी वचन दिलं होतं की, या मालिकेत जुना कोड चालत राहील. पण भाषेत एक जुनी खोड होती. ‘फॉर’च्या फेऱ्यांमध्ये फिरणारं चलपद सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असे, त्यामुळे प्रत्येक फेरीत ते पद पकडून पुढे काही काम सोपवलं, तर काम सुरू होईपर्यंत बहुतेकांच्या हाती शेवटची किंमत पडायची. नवशिके आणि मुरलेले दोघेही यात सापडत. फेब्रुवारी २०२४च्या १.२२मध्ये प्रत्येक फेरीला स्वतंत्र पद मिळालं. हा अर्थाचाच बदल होता, पायथनच्या भागाकारासारखा निमूट. तरी गोंधळ झाला नाही. प्रत्येक गो प्रकल्पाच्या मुळाशी एक छोटी फाइल असते, तिच्यात हा कोड कुठल्या आवृत्तीच्या अर्थाने लिहिला आहे याची एक ओळ असते. तिथे १.२१ लिहिलं असेल तर नव्या कंपायलरवरही जुनाच अर्थ लागू होतो. एकाच प्रोग्रॅममध्ये तुमचा कोड नव्या अर्थाने आणि तुम्ही घेतलेली लायब्ररी जुन्या अर्थाने, दोन्ही शेजारी शेजारी चालतात. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही. १.२१मध्येच हा बदल आजमावून पाहण्याची सोय ठेवली होती, आणि बदलामुळे टेस्ट फसली तर नेमक्या कुठल्या ‘फॉर’ने ती फसवली हे शोधून देणारं अवजारही तयार होतं. रस्ट भाषा २०१८पासून ‘एडिशन’ या नावाखाली हेच करते.

पायथनही या वाटेने बराच पुढे आला आहे. ३.९पासून दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमाराला एक आवृत्ती येते आणि काही काढायचं असेल तर साधारणपणे निदान दोन आवृत्त्या आधी इशारा द्यावा लागतो. तिच्या चाचणी-आवृत्त्या कित्येक महिने आधी मिळू लागतात. मे महिन्याच्या सुमाराला बीटा आला की पुढे नव्या सोयी घालणं बंद होतं. फेडोरातले लोक तर त्याही आधीच्या अल्फावर आपली सगळी पायथन पॅकेजं पुन्हा बांधून पाहतात आणि काय मोडलं ते मूळ प्रकल्पांना कळवतात. ‘कलेक्शन्स’मधली ती नावं खरं तर ३.९मध्येच जायची होती. ती काढलेल्या अल्फावर किती पॅकेजं पडतात हे वेळेत दिसलं, म्हणून ती आणखी एका आवृत्तीपुरती परत ठेवली गेली. आपल्या टेस्टच्या यादीत येणाऱ्या पायथनची बीटा आवृत्ती घालायला फार तर एक ओळ लागते. ती टेस्ट लाल झाली तरी काही काळ काम अडू द्यायचं नाही, फक्त नोंद घ्यायची. त्या नोंदीतून जूनमध्ये मूळ प्रकल्पाकडे गेलेली तक्रार बदल थांबवू शकते किंवा वाट सोपी करून घेऊ शकते. नोव्हेंबरमध्ये तीच तक्रार केली, तर उत्तर येतं की आवृत्ती निघून गेली.